अन्य भाषा: खूण, दान की नुसता गलबला?

प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या, न कळणाऱ्या भाषेत बोलणे, याला ख्रिस्ती लोक ‘अन्य भाषा’ म्हणतात. गोव्यात हा विषय निघाला की गाडी लगेच धर्मांतराकडे वळते. ‘बिलिव्हर्स’ (स्वतंत्र मंडळ्यांतले ख्रिस्ती) हा शब्दच इथे निम्मी शिवी झाला आहे आणि त्यांच्या प्रार्थनेतले न कळणारे बोल चेष्टेपुरतेच उरले आहेत. मूळ वाद ख्रिस्ती लोकांचा आपसातला आहे: हे बोल आहेत कशासाठी?

बायबलमध्ये पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, त्यांच्या बोलण्यात जमलेल्या प्रत्येकाला आपापली भाषा ऐकू आली. करिंथ शहरातल्या मंडळीला मात्र, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहा, असे प्रेषित पौलाने लिहिले. पुढची सगळी भांडणे या दोन उताऱ्यांच्या मधली.

गोंयच्या सायबाबद्दलही, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरबद्दलही, हेच घडले. १६२३ च्या संतपदाच्या फर्मानात त्याला भाषांचे दान असल्याचे म्हटले आहे. त्याची स्वतःची पत्रे वेगळे सांगतात: तामिळ प्रार्थना इतरांकडून भाषांतर करून घेऊन पाठ केल्या आणि जपानात लोकांपुढे पुतळ्यासारखे बसावे लागले. १६१६ साली राशोलला छापलेल्या, १०,००० हून अधिक ओव्यांच्या फादर स्टीफन्सच्या मराठी ‘ख्रिस्तपुराणा’मागेही चमत्कार नव्हता, वर्षांची घोकंपट्टी होती.

विसाव्या शतकातला वाद अमेरिकेतून आला असे सर्रास लिहितात. ते अर्धेच खरे. लॉस एंजेलिसची १९०६ ची अन्य भाषांची प्रार्थनासभा जगभर गाजली, पण पुण्याजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या आश्रमात विधवा आणि अनाथ मुलींमध्ये जागृतीची लाट १९०५ च्या जूनमध्येच उसळली होती. पुढच्या वर्षी तिथे अन्य भाषाही ऐकू आल्या. तिथल्या एका मिशनरी बाईंची पुस्तिका चिलीला पोचली आणि १९०९ मध्ये तिकडेही चळवळ उभी राहिली.

अमेरिकन गटातल्या काहींची समजूत अशी की, हे बोल म्हणजे परदेशांच्या खऱ्या भाषा. मिशनऱ्याला व्याकरण शिकायची गरज नाही. १९०७ मध्ये एक जोडपे बंगाली येईल या भरवशावर कलकत्त्यात उतरले. बंगाली आली नाही. मग या बोलांचा हेतू उपदेश नसून प्रार्थना, अशी मांडणी पुढे आली.

तरीही १९१६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पेन्टेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) संघटनेने ठराव केला, की अन्य भाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची (पवित्र आत्म्याने भरून जाण्याची) पहिली बाह्य खूण. आजचे बहुतेक तंटे या ठरावापाशी येऊन थांबतात, कारण न बोलणारा भाविक त्याने एका झटक्यात अपुरा ठरवला. संघटनेच्याच एका नामांकित उपदेशकाने १९१८ मध्ये राजीनामा दिला. केडगावच्या पंडिताबाईंनी तर आधीच सांगून ठेवले होते: ही एक खूण आहे, पण एकमेव आणि आवश्यक खूण मानायला शास्त्रात आधार नाही. मराठी मुलखातले हे मत ठरावापेक्षा शहाणपणाचे होते, पण त्याला संघटनेचे पाठबळ नव्हते. दुसऱ्या टोकाला, प्रेषितांबरोबरच हे दान संपले असे मानणारे प्रोटेस्टंट आजही आहेत.

कॅथलिकांत ही लाट १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातून उठली आणि १९७२ मध्ये मुंबईत आली. त्याआधी १९६४ मध्येच व्हॅटिकन परिषदेने असामान्य दाने उतावळेपणाने मागू नयेत, असे बजावले होते. म्हणून कॅथलिक करिश्माई (तशाच दानांवर भर देणाऱ्या) प्रार्थनासभेत अन्य भाषा चालतात, पण न बोलणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही, निदान नियमाने तरी. चर्च सोडून स्वतंत्र मंडळीत गेलेल्यांशी खटका उडतो तो नेमका इथे. वर्तमानपत्रांत मात्र बातमी धर्मांतराची छापून येते.