वजन उतरतंय, पण अंगात जीव नाही

बॅरिअ‍ॅट्रिक (वजन कमी करण्याच्या) ऑपरेशनला बारा दिवस झालेले असतात. काट्यावर सहा-सात किलो कमी दिसतात, पोटावरची दुर्बिणीची भोकं सुकत आलेली असतात, आणि तरी आंघोळ करून आलं की आधी पलंगावर टेकावं लागतं. घरचे म्हणतात, "खातच नाही, मग ताकद कुठून येणार?" हे अर्धंच खरं आहे. ऑपरेशननंतरचा थकवा एकाच प्रकारचा नसतो. दुसऱ्या आठवड्यातला, दुसऱ्या महिन्यातला आणि दुसऱ्या वर्षातला थकवा दिसायला सारखे असले तरी त्यांची कारणं वेगळी असतात. म्हणून थकवा किती आहे यापेक्षा तो ऑपरेशननंतर केव्हा सुरू झाला, हे आधी पाहावं.

ते सहा-सात किलो कशाचे होते, याचा हिशोब करून बघू. पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाला जेमतेम ४०० ते ६०० कॅलरी पोटात जातात. शरीराचा खर्च २००० धरला, तर रोजची तूट साधारण १५०० कॅलरींची. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. म्हणजे तूट अगदी पूर्णपणे चरबीतून भरली गेली, तरी बारा दिवसांत जळते सव्वादोन किलोच्या आसपास. बाकीचं वजन मुख्यतः पाण्याचं. यकृत आणि स्नायू मिळून अर्धा किलोच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, बाळगून असतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. हा साठा पहिल्या दोन-तीन दिवसांतच बराचसा संपतो. शिवाय खाणं घटल्यावर रक्तातलं इन्शुलिन उतरतं, आणि इन्शुलिन उतरलं की मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवत नाहीत. मीठ गेलं की मागोमाग पाणी जातं. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे.

तेव्हा पहिल्या पंधरवड्यातला अशक्तपणा बव्हंशी पाण्याचा आणि मिठाचा असतो. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव जायला हवा. पण स्लीव्हनंतर, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढल्यावर, जठराची उरते शंभर-दीडशे मिलिलिटरची एक नळी, आणि जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणाऱ्या बायपासमध्ये तर जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी. त्यात सूज असते. घटाघटा प्यायलं की छातीत कळ येते आणि प्यायलेलं उलटून पडतं. उपाय कंटाळवाणा आहे, पण त्याचा हिशोब बरोबर बसतो: ३० मिलिलिटरचं मापकं घ्यायचं आणि दर पंधरा मिनिटांनी एक, तेही घोट-घोट करत संपवायचं. तासाला १२०, चौदा तासांत १६८० मिलिलिटर. दुपारी दोन तास झोप लागली की २४० मिलिलिटर हुकले, ते रात्रीपर्यंत भरून काढायचे. हे सगळं साधं पाणी नको. मीठ घातलेलं पातळ ताक, गाळलेलं सूप, वरणाचं खारट पाणी आलटून पालटून घ्यावं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. लघवी गडद पिवळी आणि दिवसातून दोन-तीनदाच होत असेल, तर पाणी कमी पडतंय हे वेगळं सांगायला नको.

इथेच एक चूक वारंवार होते. ऑपरेशनपूर्वीच्या गोळ्या तशाच चालू राहतात. रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी आधीच कोरड्या पडलेल्या शरीरातून आणखी पाणी काढते. मधुमेहासाठीच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिनचा जुना डोस रिकाम्या पोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेऊ शकतो. मधुमेहाच्याच डापाग्लिफ्लोझिनच्या कुळातल्या गोळ्यांनी तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात किटोन आम्लं (चरबी जळताना तयार होणारी) साचू शकतात. घरी यंत्र असेल तर रक्तदाब बसून एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा अधिकने पडला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळ्यांची यादी वाचून दाखवावी. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

विश्रांती घेत असताना नाडी १२०च्या वर, ताप, वाढती पोटदुखी, खांद्यात कळ, एका पोटरीला सूज किंवा अचानक धाप, यातलं काहीही असलं तर तो अशक्तपणा समजू नये. जठराच्या टाक्यांतून गळती किंवा रक्ताची गुठळी असू शकते. थेट रुग्णालय गाठावं.

तिसऱ्या आठवड्यापासून प्रश्न प्रथिनांचा होतो. चरबी भरपूर शिल्लक असते, पण चरबीतून साखर जवळजवळ बनत नाही. मेंदूला मात्र, तो किटोनवर पुरेसा चालू लागेपर्यंत, रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज लागतं. ते शरीर स्नायू मोडून तयार करतं. जिना चढताना मांड्या थरथरतात, कारण मांड्याच थोड्या थोड्या खर्च होत असतात. म्हणून दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि शाकाहारी घरात हा आकडा सहज गाठता येत नाही. वरणाच्या पाण्यात प्रथिनं नावापुरतीच असतात. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, पण या दिवसांत खाल्लं जातं अर्धी वाटी. मऊ खाणं सुरू झाल्यावरचा एक दिवस असा मांडता येईल: व्हे पावडरचा (दुधातल्या प्रथिनांची पावडर) डब्यातल्या मापाचा एक मोठा चमचा दोन वेळांत विभागून (सुमारे २२ ग्रॅम), ३०० मिलिलिटर साय काढलेलं दूध (१०), साखर न घातलेला १०० ग्रॅम चक्का (८ ते ९), ५० ग्रॅम मऊ पनीर (९), एक अंडं (६) आणि अर्धी वाटी वरण (३). बेरीज जेमतेम साठ. अंडं चालत नसेल तर तेवढं दूध किंवा पनीर वाढवावं लागेल. मासे खाणाऱ्यांचं काम सोपं, शंभर ग्रॅम माशात १८ ते २० ग्रॅम मिळतात.

ताटात प्रथिनं आधी, मग भाजी, जागा उरली तर भात. जेवणाला वीस-तीस मिनिटं द्यावीत आणि जेवताना पाणी पिऊ नये. ते जेवणानंतर अर्ध्या तासाने. पोट भरल्याची खूण आता वेगळी असते: उचकी, नाक वाहणं, छातीच्या मध्यभागी दाब. त्या खुणेनंतरचा एक घासही उलटीत जातो.

आणि उलटी हा किरकोळ विषय नाही. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, शरीरात फक्त २५ ते ३० मिलिग्रॅम साठतं आणि पुरवठा थांबला तर दोन-तीन आठवड्यांत संपतं. पेशींमध्ये ग्लुकोजपासून ऊर्जा बनते तेव्हा एका महत्त्वाच्या टप्प्यावर थायमिन लागतंच. ते नसेल तर मेंदूचे काही भाग सर्वांत आधी कोलमडतात: वस्तू दोन-दोन दिसतात, चालताना झोक जातो, बोलण्यात गोंधळ होतो. याला वेर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात, आणि उपचाराला उशीर झाला तर स्मरणशक्तीचं नुकसान कायमचं राहू शकतं. आता आपल्याकडची पद्धत आठवा. उलट्या झाल्या, अशक्तपणा आला, की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक सलाईन लावून यायचं. ती बाटली ग्लुकोजची असली, तर उरलंसुरलं थायमिन ते ग्लुकोज जाळण्यातच संपतं आणि काठावरचा रुग्ण पलीकडे ढकलला जातो. म्हणून दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील तर ऑपरेशन केलेल्या टीमला कळवावं, आणि सलाईन कुठेही लागणार असलं तरी आधी सांगावं: "माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालीय, ग्लुकोजआधी थायमिन द्या." हे वाक्य आणि ऑपरेशनची तारीख एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावी. रोजच्या गोळीत थायमिन किमान १२ मिलिग्रॅम असावं.

तीन-चार महिन्यांनी, खाणं बऱ्यापैकी रुळल्यावर, पुन्हा दम लागू लागला तर संशय लोहावर. लोह शोषायला जठरातलं आम्ल लागतं आणि ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. ऑपरेशननंतर आम्ल घटतं, आणि बायपासमध्ये तो भाग वाटेतूनच वगळलेला असतो. हिमोग्लोबिन बरं दिसतं, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण साठा दाखवणारं फेरिटिन त्याच्या आधी घसरतं, आणि थकवा त्याच वेळी जाणवू लागू शकतो. पाळी चालू असलेल्या स्त्रियांना, तसंच बायपास किंवा स्लीव्ह झालेल्यांना सहसा रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम शुद्ध लोह लागतं. गोळीच्या वेष्टनावर क्षाराचं वजन मोठ्या अक्षरांत आणि शुद्ध लोहाचं बारीक अक्षरांत असतं, ते बारीक अक्षर वाचावं. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर, आणि गोळीवर चहा नको. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातलं घ्यावं, कारण कार्बोनेटला आम्ल लागतं. एका वेळी पाचशे-सहाशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.

गोळ्या नेमाने घेऊनही फेरिटिन चढत नसेल, तर गोळ्या बदलत बसण्यापेक्षा शिरेतून लोह देण्याबद्दल विचारावं. रक्त कुठे जातंय का, हेही बघावं लागतं. बायपासनंतर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्याने जठर-आतड्याच्या जोडाजवळ व्रण होऊ शकतो आणि तो गुपचूप वाहू शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण डांबरासारखी चिकट, उग्र वासाची शौच वेगळी. ती दिसली तर थांबू नये.

ब-१२ जीवनसत्त्वाची गोष्ट संथ आहे. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, पण तो भरलेला असला तर. आयुष्यभर शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतलेली व्यक्ती ऑपरेशनला येते तीच बहुधा अर्ध्या टाकीवर. रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन घ्यावं लागतं. तळपायाला मुंग्या येत असतील तर नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नये. रक्ताचा अहवाल सुधारतो आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

साधारण वर्षभरानंतर आणखी एक निराळा थकवा भेटू शकतो: खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी घाम, थरथर, गळून जाणं. बायपासनंतर गोड किंवा पिष्टमय पदार्थ आतड्यात झपाट्याने उतरतात, साखर उसळते, इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर एकदम खाली येते. गंमत अशी की शक्तीसाठी म्हणून प्रेमाने दिले जाणारे पदार्थच इथे आरोपी असतात: शिरा, खजूर, उसाचा रस, डिंकाचा लाडू. उपासाची साबुदाण्याची खिचडी तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर आणि थोडे शेंगदाणे नीट चावून.

हालचालीबद्दल थोडक्यात. चालणं ऑपरेशनच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतं, घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं, दिवसातून सहा-आठ वेळा. चार ते सहा आठवडे पाच किलोच्या वरचं काही उचलू नये. पाच लिटर तेलाचा डबा ही मर्यादा समजा, भरलेली बादली नाही. त्यानंतर सर्जनची परवानगी घेऊन आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना वजन द्यावं: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीवर हात टेकून दंड. नुसत्या चालण्याने स्नायू पुरेसे टिकत नाहीत. घोरणं आणि झोपेत श्वास अडणं यासाठी सीपॅप (दाबाने हवा देणारं) यंत्र लागत असेल तर वजन उतरलं म्हणून ते आपणहून बंद करू नये. यंत्राचा दाब नव्याने ठरवून घ्यावा.

रक्ततपासण्या साधारण तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी. थकव्यासाठी थायरॉइडही तपासलं जातं, आणि तिथे केस आडवे येतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, लोक केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या सुरू करतात, आणि त्या गोळ्या प्रयोगशाळेतल्या काही चाचण्यांची फसगत करतात: थायरॉइड ठीक असूनही वाढलेला दिसतो, किंवा कमी असलेला झाकला जातो. रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन थांबवावं, डोस मोठा असेल तर आणखी आधी, आणि आपण ते घेतो हे तपासणीच्या फॉर्मवर लिहावं.