ऑइल काळं पडलं म्हणजे खराब झालं?

डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी) ओढली, ऑइल काळं दिसलं, की ‘बदला लगेच’ म्हणणारे पुष्कळ. पण रंगावरून ऑइलचं आयुष्य ठरत नाही. त्यातले डिटर्जंट इंजिनातली काजळी धुऊन ऑइलमध्येच तरंगत ठेवतात, म्हणून ते काळवंडतं. म्हणजे ते काम करतंय! डिझेल इंजिनात तर नवं ऑइलही लवकरच काळं होतं. दुधाळ दिसलं, तर मात्र घाबरा. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) किंवा पाणी मिसळलेलं असू शकतं.

मॅन्युअलमधले किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल तेव्हा ऑइल बदलायचं. जुनी गाडी क्वचितच निघते म्हणून महिने विसरू नका. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं इंधन आणि ओलावा ऑइलमध्येच साचतो. शिवाय जुनी इंजिनं ऑइल पितात, त्यामुळे डिपस्टिकवर रंगापेक्षा पातळी बघा.