फळी रिकामी कशी होते

२४ मार्च २०२०, रात्रीचे आठ. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. मध्यरात्रीपासून एकवीस दिवस देश बंद राहील असं पंतप्रधानांनी जाहीर केलं आणि किराणा दुकानांपुढे झुंबड उडाली. जीवनावश्यक वस्तू मिळत राहतील, दुकानांत गर्दी करू नका, असं त्यांना त्याच रात्री ट्विट करून सांगावं लागलं. "लोकांना अक्कलच नाही" हा शेरा तेव्हा घरोघरी ऐकू आला. अजूनही लॉकडाऊनची नुसती अफवा उठली की तोच शेरा निघतो. तो चुकीचा आहे. फळी रिकामी व्हायला कुणी हावरट असावं लागत नाही.

साधा हिशेब करू. एका दुकानावर २०० घरं अवलंबून आहेत आणि प्रत्येक घर महिन्याला आट्याची पाच किलोची एक पिशवी नेतं, असं धरा. दिवसाला साधारण सात पिशव्या खपतात. दुकानदार आठवड्याचा माल ठेवतो, म्हणजे पन्नास पिशव्या. जास्त ठेवत नाही, कारण पैसा अडकतो, जागा अडते आणि आट्यात अळ्या होतात. संध्याकाळी सहाला अफवा आली. दोनशेपैकी फक्त पन्नास घरांनी ठरवलं, की पुढे कधीतरी न्यायची ती पिशवी आजच नेऊ. एकेकच पिशवी. साडेआठला फळी साफ! चारातली तीन घरं जागची हलली नाहीत. जी आली त्यांनीही महिन्याच्या गरजेपेक्षा मूठभर जास्त नेलं नाही, फक्त तारीख अलीकडे आणली. एकावन्नावं गिऱ्हाईक रिकाम्या फळीचा फोटो काढून ग्रुपवर टाकतं, आणि संध्याकाळी खोटी असलेली बातमी आता खरी झालेली असते.

खरेदी मोठी असणं हा दोष नव्हेच. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचे गहू, तांदूळ, तूरडाळ, मिरची भरायची रीत आहे. पावसाळ्याआधी कोकणात आगोटीची बेगमी होते, गोव्यात पुरुमेंत. घरटी पोत्यांनी धान्य जातं, तरी बाजार ओस पडत नाही, कारण ती खरेदी सुगीच्या मागोमाग येते, काही महिन्यांत पसरते आणि व्यापाऱ्याला तिची आधीपासून खबर असते. त्या मार्चमध्येही भारतीय अन्न महामंडळाकडे पाच कोटी टनांहून जास्त गहू-तांदूळ होता. अडचण होती ती गोदाम आणि फळी यांच्या मधल्या रस्त्यावर. ट्रक राज्यांच्या सीमांवर खोळंबले होते, ड्रायव्हर आणि हमाल मिळत नव्हते. २९ मार्चला केंद्राने जीवनावश्यक असो वा नसो, सगळ्याच मालाच्या वाहतुकीला मुभा दिली.

पण एका सोसायटीतून पन्नास घरं निघतात आणि शेजारच्या सोसायटीतून एकच, असं का? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली याचं गणित मांडलं. गर्दीबद्दलचं इतकं देखणं गणित क्वचितच सापडेल. प्रत्येकाला एक उंबरठा असतो: किती जण निघालेले दिसले की मीही निघेन. त्यांनी उदाहरण दंगलीचं घेतलं होतं, आपण दुकानाचं घेऊ. सोसायटीत १०० घरं. पहिल्याचा उंबरठा ०, तो नुसता मेसेज वाचून पिशवी उचलतो. दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असं करत शेवटच्याचा ९९. पहिला निघतो, त्याला पाहून दुसरा, त्या दोघांना पाहून तिसरा. बघता बघता शंभरही घरं रांगेत. आता एकच बदल करा. ज्याचा उंबरठा १ होता त्याचा २ करा, बाकी ९९ घरं जशीच्या तशी. पहिला निघतो, पण एकट्याला पाहून निघणारं आता कुणीच उरलेलं नाही. सगळं तिथेच थांबतं. पहिल्या सोसायटीबद्दल 'नागरिकांचा संयम सुटला' अशी बातमी येईल, दुसरीची बातमीच होणार नाही. माणसं मात्र दोन्हीकडे जवळपास तीच.

याचा आलेख काढता येतो. आडव्या अक्षावर आतापर्यंत निघालेल्यांचं प्रमाण, उभ्या अक्षावर तेवढे पाहून निघायला तयार असलेल्यांचं प्रमाण, म्हणजेच उंबरठ्यांचं संचयी वितरण. मूळबिंदूतून ४५ अंशांची रेषा ओढा. उंबरठ्यांचा वक्र या रेषेच्या वर आहे तोवर गर्दी वाढते. तो वरून खाली येत रेषेला छेदतो तिथे थांबते. वक्र त्या रेषेला लगटून जात असेल तर तो केसभर सरकला तरी छेदबिंदू १ टक्क्यावरून १०० वर उडी घेतो. म्हणून लोकांची सरासरी भीती मोजून गर्दीचं भाकीत करता येत नाही. रिकामी फळी हाच वक्र वर उचलते. ज्याला एरवी चाळीस जण दिसावे लागले असते, त्याला एक फोटो पुरतो.

मेसेजवर विश्वास बसतो त्याचंही कारण आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. जिथे धक्का जाणवला पण पडझड झाली नव्हती, तिथेही याहून मोठं संकट येणार अशाच अफवा होत्या. भीती आधीच मनात होती, लोक तिला साजेसं कारण शोधत होते. २०२० मध्ये 'चिकनमधून कोरोना होतो' या मेसेजने कोंबडीचे भाव असे पाडले की काही पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले. पुढच्या वर्षी ऑक्सिजन वाढतो म्हणून कापूर, ओवा आणि लवंगांच्या पुरचुंड्या हुंगल्या गेल्या. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. आणि लहान मुलाने कापूर गिळला तर आकडी येऊ शकते. असे मेसेज पुढे ढकलणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांना माफी नाही.

दुकानदाराच्या हाती बरंच असतं. 'एका घराला एकच' ही पाटी फळी भरलेली असताना लावली तर माल जास्त घरांना पुरतो; फळी अर्धी झाल्यावर लावली तर ती तुटवड्याची जाहिरात ठरते. उरलेल्या पिशव्या पुढच्या कडेला ओढून ठेवाव्यात. याद्या घेऊन वेळ वाटून द्यावी, म्हणजे रांग रस्त्यावर दिसत नाही. 'माल येणार आहे' असं मोघम न सांगता 'उद्या ११ वाजता ६० पिशव्या' असं लिहावं, आणि त्या खरोखर आणाव्यात. सर्वांत मोठी चूक ऑर्डरमध्ये होते. एका संध्याकाळचा खप पाहून दुकानदार दीडशे पिशव्या मागवतो, असे चार दुकानदार पाहून ठोक व्यापारी गिरणीकडे हजार नोंदवतो. माल पोचतो तेव्हा त्या पन्नास घरांच्या डब्यात आटा अजून शिल्लक असतो, आणि फळीवरच्या पिशव्यांत दमट हवेने जाळी धरायला लागते.