सोल्फेज

सोल्फेज : लिहिलेली स्वररचना वाद्याच्या आधाराशिवाय प्रथमदर्शनी गाता यावी आणि ऐकलेली रचना कागदावर उतरवता यावी, यासाठी पाश्चात्त्य संगीतशिक्षणात वापरली जाणारी अभ्यासपद्धती. दो, रे, मी, फा, सोल, ला, सी (किंवा ती) ही स्वरनामे उच्चारत गाणे हा तिचा गाभा. ‘सोल्फेज’ हे फ्रेंच रूप आहे. इटालियनमध्ये ‘सोल्फेज्जो’ म्हणतात. सोल व फा या दोन स्वरनामांवरून ही संज्ञा तयार झाली. संगीत महाविद्यालयांत हा विषय सहसा पहिल्या वर्षापासून सक्तीचा असतो आणि दृष्टिगायन व श्रुतलेखन अशा दोन अंगांनी शिकवला जातो.

उगम : स्वरनामांचा उगम सामान्यतः ग्वीदो द’आरेत्सो (सु. ९९१–१०३३ नंतर) या इटालियन भिक्षूकडे नेला जातो. सु. १०२८ ते १०३२ च्या दरम्यान त्याने मिकाएल नावाच्या सहभिक्षूला लिहिलेल्या पत्रात संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्राचा उपयोग सांगितला आहे. स्तोत्राच्या पहिल्या सहा चरणखंडांचा आरंभ एकेक स्वर वर चढत जातो आणि त्यांची आद्याक्षरे ऊत, रे, मी, फा, सोल, ला अशी आहेत. शब्दरचना परंपरेने आठव्या शतकातील पॉल द डीकन या भिक्षूची मानतात. चाल मात्र ग्वीदोने स्वतः रचली असावी, की आधीची घेऊन बेतली असावी, यावर एकमत नाही. याच चालीत बांधलेले होरेस या प्राचीन रोमन कवीचे एक काव्य फ्रान्समधील मॉन्पेलिए येथील हस्तलिखितात आढळते. शिकवण्याच्या सोयीसाठी चाल मुद्दाम घडवली गेली असावी हे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण दर खंड नेमका एक पायरी वर सुरू होणे हा योगायोग मानणे कठीण आहे. बोटांच्या पेरांवर स्वर मोजण्याचा ‘ग्वीदोचा हात’ त्याच्या नावाने प्रसिद्ध असला, तरी त्याच्या उपलब्ध लेखनात त्याचा उल्लेख नाही.

ही नावे अरबी अक्षरांवरून (दाल, रा, मीम, फा, साद, लाम, सीन) आली असा तर्क प्राच्यविद् मेनिन्स्की याने १६८० मध्ये व पुढे फ्रेंच संगीतलेखक लाबोर्द याने १७८० मध्ये मांडला. उच्चारांतील साम्य लक्षवेधी आहे. पण ग्वीदोपूर्व काळात अरबी संगीतात ही अक्षरे या क्रमाने स्वरनामे म्हणून वापरली जात असल्याचा लेखी पुरावा पुढे आलेला नाही.

मराठी वाचकाला जवळचा वाद सा-रे-ग-म संबंधीचा आहे. भारतीय स्वरनामे इराणी व अरबांमार्फत ग्वीदोपर्यंत पोचली, असे फॉन बोलेन व बेनफाय या जर्मन प्राच्यविदांचे मत जर्मन संस्कृतज्ञ आल्ब्रेख्त वेबर याने संस्कृत वाङ्मयाच्या आपल्या इतिहासात नोंदवले आणि भारतीय लेखकांनी ते पुष्कळदा उद्‌धृत केले. भारतीय स्वराक्षरे जुनी आहेत यात शंका नाही. तमिळनाडूतील कुडुमियामलै येथील शिलालेखात (सु. सातवे-आठवे शतक) स्वराक्षरांचे गट कोरलेले असून त्यांत एकाच व्यंजनाला अ, इ, उ, ए असे वेगवेगळे स्वर जोडलेले दिसतात, त्यांचा अर्थ अद्याप वादग्रस्त आहे. मात्र प्राचीनत्व सिद्ध झाले म्हणजे प्रसार सिद्ध होत नाही. भारतीय नावे सात आहेत व ती षड्ज, ऋषभ इ. संज्ञांची आद्याक्षरे आहेत. ग्वीदोची नावे सहाच आहेत आणि ती स्तोत्राच्या शब्दांवरून आली आहेत. दोन्हीकडे दुसऱ्या स्थानी ‘रे’ येतो हा मुद्दा वरवर भुरळ घालतो. पण ऋषभाचे मूळ स्वराक्षर ‘रि’ आहे (कर्नाटक पद्धतीत ते आजही तसेच आहे), ‘रे’ हा नंतरचा उच्चार. दोन स्वतंत्र परंपरांनी एकाच अडचणीवर काढलेली दोन उत्तरे, असे या साम्याकडे पाहणे सध्याच्या पुराव्याला धरून आहे.

सातवे नाव ‘सी’ बरेच उशिरा रुळले. ते ‘सांक्ते योहानेस’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून घेतले असे मानतात. गायला अवघड म्हणून ‘ऊत’च्या जागी ‘दो’ हा बदल सतराव्या शतकात इटलीत झाला. त्याचे श्रेय जोव्हान्नी बात्तिस्ता दोनी या इटालियन संगीतविद्वानाला दिले जाते, परंतु ते निर्विवाद नाही. ‘सी’चे ‘ती’ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील नॉरिच येथे सेरा ग्लोव्हर हिने केले, जेणेकरून प्रत्येक नाव वेगळ्या अक्षराने सुरू व्हावे. तिच्या पद्धतीत जॉन कर्वेन (१८१६–८०) याने सुधारणा करून ‘टॉनिक सोल-फा’ म्हणून तिचा प्रसार केला व प्रत्येक स्वराला हाताची खूण जोडली. हंगेरीत झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) याच्या प्रेरणेने शालेय संगीतशिक्षण याच खुणांवर उभे राहिले.

अचल व चल दो : फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल येथे दो म्हणजे नेहमीच पांढरी एक (पियानोवरील C), रचना कोणत्याही पट्टीत असली तरी नाव बदलत नाही. १७९५ मध्ये स्थापन झालेल्या पॅरिस कॉन्झर्व्हेटॉयरच्या परंपरेने हा अचल दो दृढ केला. चल दो पद्धतीत पट्टीचा आधारस्वर तो दो. आपल्याकडील षड्जासारखीच ही कल्पना असल्याने सरगम शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला ती लगेच उमगते. त्याची अडचण दुसरीकडे असते. रचनेच्या मध्येच पट्टी बदलली की दो नव्या जागी न्यावा लागतो, आणि तानपुऱ्यावर तयार झालेला कान जुना सा सोडायला तयार होत नाही. दुसरा फरक विकृत स्वरांचा. सरगमात कोमल असो वा शुद्ध, उच्चार ‘रे’च राहतो. सोल्फेजमध्ये चढवलेल्या स्वराचे नाव ईकारान्त होते (दी, री, फी, सी, ली) व उतरवलेल्याचे एकारान्त (ते, ले, से, मे). अपवाद उतरलेल्या रेचा, त्याचे नाव ‘रा’. चढवलेला सोल ‘सी’ होत असल्यामुळेच सातव्या स्वराला चल पद्धतीत ‘ती’ म्हणणे सोयीचे पडते.

दृष्टिगायन : आधी पट्टी शोधावी. मेजर (शुद्ध स्वरांच्या सप्तकाच्या) रचनेत ओळीच्या आरंभी लिहिलेल्यांपैकी शेवटचा शार्प (स्वर अर्धस्वराने चढवणारी खूण) ज्या स्वरावर असेल तो ती, आणि शेवटचा फ्लॅट (उतरवणारी खूण) ज्यावर असेल तो फा. तीन शार्प असतील तर शेवटचा काळी चारवर येतो; तोच ती, म्हणून दो पांढरी सहा. मग ‘दो मी सोल मी दो ती दो’ असे गाऊन पट्टी कानात बसवावी, पहिला स्वर या चौकटीतून काढावा, मोठ्या उड्या डोळ्यांनी हेरून ठेवाव्यात आणि सर्वांत अवघड मात्रेला झेपेल अशी लय धरावी. अनेक परीक्षांत या पूर्वतयारीला जेमतेम अर्धा मिनिट मिळतो. हमखास होणारी चूक म्हणजे स्वर चुकला की थांबून दुरुस्त करणे. त्याने लय तुटते आणि पुढचे सगळेच ढासळते. चुकलेला स्वर सोडून पुढच्या ठोक्यावर दो किंवा सोल पकडणे हाच इलाज. साथीशिवाय गाताना पट्टी खाली घसरते, ती बहुधा मी–फा आणि ती–दो या अर्धस्वरांत: मी व ती पुरेसे वर न घेतल्याने. तानपुऱ्यावर तयार झालेल्या गळ्याचा शुद्ध गंधार (षड्जापासून सु. ३८६ सेंट; सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) पियानोच्या मीपेक्षा (४०० सेंट) सु. १४ सेंट खाली असतो. तो चुकीचा नव्हे, परंतु पियानोच्या साथीत बेसूर भासतो.

लयवाचनासाठी अमेरिकेतील काही महाविद्यालयांत ‘तकदिमी’ ही बोलपद्धती वापरतात. हॉफमन, पेल्टो व व्हाइट यांनी ती १९९६ मध्ये मांडली. ठोक्यावर नेहमी ‘त’, त्याच्या मध्यावर ‘दि’, चार समान भागांना ‘त-क-दि-मि’, तीन भागांना ‘त-कि-द’. बोल भारतीय धर्तीचे आहेत. मात्र इथे अक्षर ठोक्यातील जागा दाखवते, तबल्यावरील आघात नव्हे.

श्रुतलेखन : शिक्षक पट्टी व ताल सांगून चाल तीन-चार वेळा वाजवतो आणि विद्यार्थी ती लिहून काढतो. अमेरिकन संगीतशिक्षणतज्ज्ञ गॅरी कार्पिन्स्की याने या क्रियेचे चार टप्पे सांगितले आहेत: ऐकणे, अल्पकाळ स्मरणात ठेवणे, समजणे व लिहिणे. बहुतेक विद्यार्थी दुसरा व तिसरा टप्पा गाळून पहिल्या स्वरापासूनच पेन्सिल चालवू लागतात. दोन मात्रा लिहीपर्यंत उरलेली चाल निसटलेली असते. पहिल्या वादनात पेन्सिल खाली ठेवणे ही शिस्त म्हणूनच आवश्यक.

या विषयातील मुख्य मतभेद इथे स्पष्ट होतो. स्वरांतरे सुटी घोकावीत, की स्वर पट्टीतील आपल्या जागेवरून ओळखावा? पुढील आठ मात्रांची चाल घेऊ:

सोल मी फा रे | दो रे ती दो

सरगमात ती ‘प ग म रे | सा रे नि सा’ होईल (नि मंद्र सप्तकातला). तीन अर्धस्वरांचे, म्हणजे मायनर थर्डचे, अंतर इथे तीनदा येते: सोल–मी, फा–रे आणि रे–ती. केवळ अंतर मोजणाऱ्याला तिन्ही सारखीच. तो फा–रे एक अर्धस्वराने चुकला, की त्या रेपासूनचे पाचही स्वर त्याच अर्धस्वराने सरकलेले लिहितो, कारण प्रत्येक स्वर मागच्याला बांधलेला असतो. जागेवरून ऐकणाऱ्याला सोल–मी स्थिर, फा–रे अधांतरी आणि रे–ती दोला दोन्ही बाजूंनी वेढणारे ऐकू येते. एक स्वर चुकला तरी पुढचा पुन्हा दोपासून मोजला जातो. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे तीच्या जागी ला लिहिणे. पडताळा सोपा: तो स्वर मनात लांबवावा. दोकडे ओढ जाणवली तर ती. निवांत राहिला तर ला. अंतरांची घोकंपट्टी निरुपयोगी नाही, पट्टीचा आधारच नसलेल्या विसाव्या शतकातील रचनांत तिच्यावाचून चालत नाही. पण आरंभ तिथून करणे हिताचे नाही.

गोवा व मुंबई : पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांत ‘मेस्त्री’ (संगीतशिक्षक) मुलांना सोल्फेज व व्हायोलिन शिकवत. त्यातून रेषालिपी (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) सहज वाचणाऱ्या वादकांच्या पिढ्या तयार झाल्या आणि मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद मोठ्या प्रमाणात त्यांच्यावर उभे राहिले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी नामांकित संयोजक व वादक. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी आणि संयोजक ती ऐकता ऐकता रेषालिपीत उतरवून वादकांपुढे ठेवी. महाविद्यालयीन वर्गातील श्रुतलेखनात आठ मात्रा तीन-चारदा ऐकायला मिळतात. इथे अख्खे गाणे लिहायचे असे, आणि वादक तोवर वाद्ये जुळवून वाट पाहत असत.