सोळा ते अठरा: कोयता टोळ्यांची पार्श्वभूमी

पुण्यात ‘कोयता गँग’ हे नाव २०२२-२३च्या सुमारास रोजच्या बातम्यांत आलं, पण त्या नावाची एकच टोळी कधी नव्हती. हडपसर, बिबवेवाडी, सिंहगड रोड अशा भागांतली पाच-दहा पोरं, म्होरक्या आत गेला की नाव बदलणारी. १९८२च्या गिरणी संपानंतर बेकार घरांतली मुलं मुंबईच्या टोळ्यांत गेली, त्याच्याशी याची तुलना हमखास होते. ती फारशी जुळत नाही. तिथे खंडणीतला वाटा मिळायचा. इथे पैसा थोडा. वस्तीत दरारा, कोयत्याने कापलेला केक, त्याचं रील, आणि पकडलं गेल्यावर वकील देणारा ‘भाई’. पोरगं खरं अडकतं ते या वकिलापाशी. जामिनाचा खर्च हा उपकार ठरतो आणि त्याची फेड पुढच्या भांडणात मागितली जाते.

वाद मात्र गाजला तो वयाचा. १९८६च्या बाल न्याय कायद्यात आरोपीला मूल मानण्याची रेघ मुलग्यांसाठी १६ आणि मुलींसाठी १८ अशी होती. २०००च्या कायद्याने ती सगळ्यांसाठी १८ केली. २०१२च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर वय खाली आणू नका, असं सरकारने नेमलेल्या समितीनेच सांगितलं. तरी १५ जानेवारी २०१६पासून लागू झालेल्या २०१५च्या कायद्याने १६ ते १८मधल्यांना प्रौढ म्हणून खटल्यात उभं करण्याची वाट उघडली. ती आपोआप उघडत नाही. आधी बाल न्याय मंडळाने, म्हणजे अल्पवयीनांचे खटले चालवणाऱ्या मंडळाने, मुलाची मानसिक-शारीरिक कुवत, परिणामांची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती तीन महिन्यांत तपासायची. तेही गुन्ह्याला किमान ७ वर्षांची शिक्षा असेल तरच.

सगळी गोम या ‘किमान’मध्ये आहे. खुनाला किमान जन्मठेप, म्हणून तो या वर्गात बसतो. खुनाच्या प्रयत्नाला किमान शिक्षाच नाही. कोयत्याचे वार झाले आणि जखमी वाचला, तर एरवी तो मुलगा बाल न्याय मंडळाकडेच राहतो. मृत्यू झाला नसेल तर मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातली किमान शिक्षाही ५ वर्षं. जानेवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ पक्का केला आणि २०२१च्या दुरुस्तीने तो कायद्यात आला. म्हणजे ज्या हल्ल्यांमुळे ‘वय कमी करा’ची ओरड होते, त्यातले पुष्कळसे या तरतुदीच्या बाहेरच आहेत. टोळीतल्या मोठ्यांना एवढं गणित येतं, म्हणून हत्यार धाकट्याच्या हातात जातं.

टोळीला थेट लागू पडणारी कलमं चर्चेत नसतात. सुटका झाली तर मुलगा सराईत गुन्हेगाराच्या संगतीत जाईल असं सबळ कारण दिसलं, तर जामीन नाकारता येतो. पण कारण लेखी हवं. मुलाला गुन्ह्यात वापरणाऱ्याला २०१५च्या कायद्यात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी ३ ते १० वर्षं आहेत. हे कलम लावायचं तर पोराला कोणी पाठवलं, हत्यार कोणी दिलं, हे तपासात यायला हवं. वार करणाऱ्याची कबुली मिळाली की तपास तिथेच थांबला, तर पाठवणारा सुटतो.

कोयताविक्रीवर आधारची अट हा २०२३मधला उपाय वरवरचा. शस्त्र कायदा निव्वळ शेतीच्या अवजारांना वगळतो, आणि ऊस-नारळाचं हत्यार बाजारातून जाणार नाही. पोलिसांनी वस्तीतून काढलेली आरोपींची धिंड तर उलटते. तिचाच व्हिडिओ म्होरक्याचा फ्लेक्स होतो.

मुलाला बाहेर काढणाऱ्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत. परिवीक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे मुलाच्या घरची-वस्तीतली माहिती काढणाऱ्या अधिकाऱ्याने, १५ दिवसांत द्यायचा सामाजिक तपासणी अहवाल छापील नमुन्यात न उरकता शाळा कधी सुटली, उधारी कोणाची, वकील कोणाचा, हे त्यात हवं. सरकारी विधी सेवेचा वकील पहिल्याच तारखेला उभा राहिला, तर भाईचा उपकार उरत नाही. शाळा सुटलेल्याला १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरून दहावी देता येते आणि मग आयटीआयची वाट खुली होते. फॉर्मची मुदत हुकली की वर्ष जातं. मामाच्या गावी पाठवणं हा घरच्यांचा आवडता उपाय, पण खटल्याच्या तारखेला मुलगा परत येतो आणि तीच पोरं बाल न्याय मंडळाच्या दाराशी उभी असतात.