सात स्लायडरमागचं सर्किट: गिटारचं इक्वलायझर पेडल स्वतः बनवताना

गिटारची पाचवी तार मोकळी छेडली की ती सेकंदाला ११० वेळा कंप पावते. त्याच वेळी ती २२०, ३३०, ४४० आणि त्याहून वरच्या वारंवारतांनीही थरथरत असते. या उपस्वरांपैकी कोणता किती जोरात आहे, त्यावर आवाज भरदार वाटणार की कोरडा, हे ठरतं. अँप्लिफायरवरची बास आणि ट्रेबलची बटणं या मिश्रणात ढोबळ फेरफार करतात. इक्वलायझर पेडल, म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये जोडायची पायाखालची डबी, तेच काम सात तुकड्यांत वाटून घेते. तिचं किट, म्हणजे सुटे भाग, आणून स्वतः जोडलं, तर प्रत्येक तुकडा कोणत्या भागांनी तयार झालाय हे हाताखालून जातं. पहिल्यांदा पेडल बनवणाऱ्यांना मी डिस्टॉर्शनऐवजी, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या पेडलऐवजी, हेच सुचवतो. जोडायचे भाग जास्त आहेत खरे, पण यात शिकायला मिळतं त्याला तोड नाही.

वारंवारतांच्या या प्रत्येक तुकड्याला पट्टा म्हणू. सात पट्ट्यांच्या पेडलवर नेहमी दिसणारे आकडे असे: १००, २००, ४००, ८००, १६००, ३२०० आणि ६४०० हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं). प्रत्येक आकडा आधीच्याच्या दुप्पट, म्हणजे प्रत्येक स्लायडर एक सप्तक वर. गिटारच्या जाड तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो आणि बारीक तार चोविसाव्या फ्रेटवर दाबली तरी तो १३१९ हर्ट्झपर्यंतच जातो. याचा अर्थ उजवीकडच्या तीन स्लायडरच्या मध्यबिंदूंवर एकही मूळ स्वर येत नाही. तिथे असतात ते उपस्वर, पिकचा खरखराट आणि बोटं तारेवरून सरकल्याचा आवाज. शिवाय गिटार अँप्लिफायरचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्झनंतर झपाट्यानं ढेपाळतो. त्यामुळे इलेक्ट्रिक गिटारला ६४००चा स्लायडर फारसा उपयोगी पडत नाही. अकूस्टिक गिटार थेट मोठ्या साउंड सिस्टिमला जोडली असेल, तर मात्र तो स्लायडर महत्त्वाचा ठरतो.

आता एक पट्टा वेगळा काढायचा कसा? कपॅसिटरमधून वरच्या वारंवारता सहज जातात, खालच्या अडतात. तारेच्या कॉइलचं नेमकं उलट. दोघांना एकापुढे एक जोडलं तर एका ठरावीक वारंवारतेला त्यांचे विरोध एकमेकांना खोडून काढतात आणि सिग्नलला त्या एकाच ठिकाणी मोकळी वाट मिळते. ही झाली अनुनादी जोडी, आणि प्रत्येक स्लायडरमागे अशी एकेक जोडी असते.

अडचण कॉइलची. ४०० हर्ट्झचा पट्टा १५० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरनं साधायचा, तर सोबत जवळपास १ हेन्रीची कॉइल लागते. त्यासाठी लोखंडी गाभ्याभोवती हजारो वेढे घ्यावे लागतील. ती जड होईल, महाग पडेल आणि जवळच्या ट्रान्सफॉर्मरची घरघरही ओढून घेईल. अशा सात कॉइल पायाखालच्या डबीत मावणं अशक्यच. पण किट उघडून बघा, त्यात एकही कॉइल सापडत नाही. तिच्या जागी जायरेटर असतो, म्हणजे कॉइलसारखं वागणारं छोटं सर्किट. या कल्पनेचा पाया डच अभियंता बर्नार्ड टेलेगेन यांनी १९४८ साली घातला.

पेडलमधल्या जायरेटरला एक ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप), एक कपॅसिटर आणि दोन रोध (रेझिस्टर) पुरतात. मोठा रोध समजा १०० किलोओहम, लहान ४७० ओहम. सिग्नल कपॅसिटरमधून ऑप-अँपच्या इनपुटला जातो आणि तिथून मोठा रोध ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य पातळीला, जोडलेला असतो. ऑप-अँप आपल्या इनपुटला जे दिसेल तेच आउटपुटला देतो. ते आउटपुट लहान रोधातून पुन्हा सुरुवातीच्या टोकाला जोडलेलं असतं. खालची वारंवारता आली की कपॅसिटर तिला अडवतो, ऑप-अँपचं आउटपुट जवळपास शून्यावर राहतं आणि सिग्नल लहान रोधातून आरामात वाहून जातो. वरची वारंवारता आली की आउटपुट तंतोतंत सिग्नलसारखंच हलतं. मग लहान रोधाच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज असतो, त्यामुळे प्रवाहच वाहत नाही. खालच्यांना वाट, वरच्यांना अडसर, म्हणजे हुबेहूब कॉइल! तिचं मूल्य दोन रोध आणि कपॅसिटर यांच्या गुणाकाराइतकं. ४७० ओहम, १०० किलोओहम आणि २२ नॅनोफॅरड यांचा गुणाकार करून पाहा, १ हेन्रीच्या किंचित वर येतो. तळहातावर मावणाऱ्या चार भागांनी एवढी जड कॉइल गायब करावी, हे मला इलेक्ट्रॉनिक्समधलं फार सुंदर काम वाटतं.

स्लायडरचं काम त्यानंतर सोपं आहे. त्याची दोन टोकं मुख्य ऑप-अँपच्या दोन इनपुटना जोडलेली असतात आणि मधला सरकता संपर्क अनुनादी जोडीतून ग्राउंडला जातो. स्लायडर खाली नेला की ती जोडी येणाऱ्या सिग्नलमधूनच आपला पट्टा ग्राउंडला काढून टाकते आणि तो पट्टा कमी होतो. वर नेला की ती तोच पट्टा फीडबॅकमधून, म्हणजे आउटपुटकडून इनपुटला परत येणाऱ्या सिग्नलमधून, काढते. फीडबॅक घटला की ऑप-अँप त्या पट्ट्याला जास्त वाढवतो. मधोमध ठेवला तर दोन्ही परिणाम एकमेकांना फेडतात.

जोडणी करताना बुटके भाग आधी: रोध, डायोड, आयसीचं (ऑप-अँपच्या चिपचं) सॉकेट, मग कपॅसिटर आणि शेवटी स्लायडर, जॅक, पायाचा स्विच. रोध लावण्यापूर्वी प्रत्येक मल्टिमीटरवर मोजा, रंगांच्या पट्ट्यांवर विसंबू नका. लाल आणि तपकिरी यांत मंद उजेडात हमखास गफलत होते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा लांब पाय धन, आणि अंगावरची पट्टी ऋण बाजूची. छोट्या कपॅसिटरवर १५४ असं छापलं असेल तर १५ पुढे चार शून्यं, एकक पिकोफॅरड, म्हणजे १५० नॅनोफॅरड. कपॅसिटर दहा टक्क्यांनी इकडेतिकडे असला तरी घाबरू नये. वारंवारता मूल्याच्या वर्गमुळावर ठरते, त्यामुळे पट्टा पाचेक टक्केच सरकतो आणि ते अंतर अर्ध्या स्वराहूनही कमी आहे.

आयसी बसवण्याआधी वीज देऊन तपासणी करा, ही पायरी कधीच गाळू नये. ९ व्होल्टच्या बॅटरीवर ऑप-अँपला सिग्नल वर-खाली हलवायला मधली पातळी लागते. ती दोन सारख्या रोधांनी ४.५ व्होल्टवर ठेवलेली असते. रोधांच्या जोडबिंदूवर मल्टिमीटरनं साडेचारच्या जवळपास आकडा दाखवला, तर वीजपुरवठा ठीक आहे. अॅडॉप्टर वापरणार असाल तर प्लगची ध्रुवता पाहून घ्या. गिटार पेडलमध्ये बहुधा मधली पिन ऋण असते, इतर उपकरणांच्या उलट.

आता वापर. डेसिबलचा आकडा दिसतो त्याहून जबर असतो. ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज दुप्पट, १२ म्हणजे चौपट आणि १५ म्हणजे साडेपाच पटीहून जास्त. गिटारवर हंबकर पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा, दोन कॉइलचा भाग) असेल आणि तार जोरात छेडली, तर सिग्नल १ व्होल्टच्या घरात पोचू शकतो. त्याला एखाद्या पट्ट्यात १५ डेसिबल दिले, तर साडेपाच व्होल्ट वर आणि तितकेच खाली हलायला हवेत. ९ व्होल्टच्या पेडलमध्ये तेवढी जागाच नाही. लाट वरून-खालून कापली जाते आणि स्वच्छ आवाजात नको असलेली करकर येते. शिवाय वरचे पट्टे वाढवले की सिग्नलसोबत सूंऽऽ असा हिसही वाढतो. म्हणून आधी खाली ओढायचं. आवाज घुमतोय? २००चा स्लायडर थोडा खाली. कानाला टोचतोय? ३२०० खाली. मग एकूण पातळी लेव्हलच्या वेगळ्या स्लायडरनं भरून काढायची. वर न्यायचाच असेल तर सोलोसाठी ८००. बँडमध्ये बास गिटार खालचा भाग व्यापते आणि झांजा वरचा. गिटारला हक्काची जागा मधेच मिळते.

हळू आवाजात केलेली मांडणी मोठ्या आवाजात फसते, त्याचं कारण आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज जितका हळू, तितके खालचे स्वर आपल्याला कमी ऐकू येतात. खोलीत हळू वाजवताना १०० हर्ट्झ वर नेऊन गोड वाटलेला आवाज मंचावर नुसता घुमतो. शेवटची मांडणी प्रत्यक्ष आवाजाच्या पातळीवरच करावी.

राहिला प्रश्न डिस्टॉर्शनचा. दोन इक्वलायझर एकापुढे एक लावले तर त्यांचा क्रम बदलल्यानं फरक पडत नाही, ती दोन्ही रेषीय सर्किटं आहेत. डिस्टॉर्शन तसं नाही. ते लाट कापतं आणि मूळ सिग्नलमध्ये नसलेल्या वारंवारता तयार करतं. इक्वलायझर त्याच्या आधी असेल, तर कोणता पट्टा जास्त कापला जाणार हे स्लायडर ठरवतात: १०० खाली घेतला की जाड तारांचा चिखल होत नाही, ८०० वर नेला की डिस्टॉर्शन अधिक दाट होतं. नंतर असेल, तर कापून तयार झालेल्या आवाजाचा फक्त घाट बदलतो. स्लायडर न हलवता पेडल एकदा आधी आणि एकदा नंतर लावून तेच वाजवून पाहा. ८००चा स्लायडर पूर्ण वर असेल तर फरक सर्वांत ठळक कळतो.