सम्राटाचे पंचांग, शेजाऱ्यांचे आकाश

मिंग काळात चीनचा सम्राट शेजारच्या राजाला मान्यता देई, तेव्हा राजमुद्रेइतकेच महत्त्व पंचांगाला असे. ते स्वीकारणे म्हणजे सम्राटाचे मांडलिकत्व स्वीकारणे. कोरिया, व्हिएतनाम, र्‍युक्यू बेटे या सगळ्यांनी कधी ना कधी ते स्वीकारले. जपानने मांडलिकत्व बहुतेक काळ टाळले, पण पंचांगाचे गणित चीनचेच घेतले. या व्यवहारात एक अडचण होती. लिपी किंवा परीक्षापद्धत जशीच्या तशी दुसरीकडे नेता येते, पण पंचांग एका ठिकाणच्या आकाशासाठी केलेले असते.

मराठी वाचकाला यातले मूळ गणित ओळखीचे वाटेल. बारा चांद्रमासांचे ३५४.३७ दिवस होतात आणि सौरवर्षाचे ३६५.२४, म्हणजे दरवर्षी जवळजवळ ११ दिवसांची तूट. ती अधिक मास घालून भरतात. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक. चीनमध्ये सूर्याच्या वार्षिक मार्गाचे २४ भाग करतात, त्यांतले एकाआड एक बारा बिंदू म्हणजे ‘चोंगछी’. ज्या महिन्यात चोंगछी येत नाही तो अधिक. हा नियम इसवी सनपूर्व १०४ मधल्या ‘ताइचू’ पंचांगापासूनचा. फरक तपशिलात आहेत. आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने (निरयन) धरतात, चोंगछी मात्र संपात (दिवस-रात्र समान असण्याचे क्षण) आणि अयनांच्या संदर्भाने (सायन). आपला अधिक श्रावण निज श्रावणाच्या आधी येतो, तर तिकडचा अधिक मास मागच्या महिन्याचा क्रमांक घेतो. आणि तिथला महिना अमावास्येचा क्षण ज्या दिवशी येतो त्याच दिवशी सुरू होतो. याखेरीज एक अट कायम पाळायची: सर्वांत लहान दिवस, म्हणजे हिवाळी अयनदिन, अकराव्या महिन्यातच यायला हवा.

म्हणून सगळी इमारत अयनक्षणावर उभी. तो मोजायचा कसा? शंकूची, म्हणजे जमिनीत उभ्या रोवलेल्या काठीची, मध्यान्हीची सावली ज्या दिवशी सर्वांत लांब, तो अयनदिन, हे सांगायला सोपे आहे. पण त्या सुमाराला सावली रोज इतकी कमी बदलते की दोन-तीन दिवसांचा फरकही डोळ्यांना कळत नाही, शिवाय नेमका त्या दिवशी ढग असू शकतो. पाचव्या शतकात झू चोंगझी याने यावर सुंदर तोड काढली. अयनदिनाच्या बऱ्याच आधी आणि नंतर, सावली रोज ठळकपणे बदलत असते तेव्हा मापे घ्यायची आणि समान सावल्यांचा मध्य काढायचा. इसवी सन ४६१ मधली त्याची मापे अशी: दहाव्या महिन्याच्या १० तारखेला १०.७७५ छी (छी म्हणजे तिथली फूटसारखी लांबी), ४५ दिवसांनी १०.८१७५ आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी १०.७५०८. पहिल्या दिवसाइतकीच सावली या शेवटच्या दोन मध्यान्हांच्या दरम्यान, ४५.६४ दिवसांनी पडली असती. त्याचे निम्मे २२.८२ दिवस. म्हणजे अयनक्षण अकराव्या महिन्याच्या ३ तारखेला सकाळी पावणेआठच्या आसपास. काठी आणि मोजपट्टी यांवर तासापर्यंतचे उत्तर काढायची ही युक्ती आजही शाळेच्या पटांगणावर करून पाहण्याजोगी आहे.

तेराव्या शतकात गुओ शौजिंगने ८ छीऐवजी ४० छी उंचीचा शंकू वापरला. हनान प्रांतात डेंगफंगजवळ त्याची विटांची वेधशाळा आणि सुमारे ३१ मीटर लांबीची दगडी मोजपट्टी अजून उभी आहे. शंकू उंच केला की सावली लांबते, पण तिची कडाही पुसट होते, कारण सूर्य बिंदू नसून तबकडी आहे. म्हणून त्याने मोजपट्टीवर बारीक छिद्राचा पत्रा सरकवत सूर्याची प्रतिमा पाडली आणि वरच्या आडव्या दांडीची बारीक रेघ त्या प्रतिमेच्या मधोमध येईल तिथे माप घेतले. या वेधांवर आधारलेले ‘शौशी’ पंचांग १२८१ मध्ये लागू झाले. त्यातले वर्ष ३६५.२४२५ दिवसांचे, म्हणजे तीनशे वर्षांनी आलेल्या ग्रेगरी दिनदर्शिकेइतकेच.

जपानने मात्र इसवी सन ८६२ मध्ये ‘सेनम्यो’ (चिनी नाव श्वानमिंग) पंचांग घेतले आणि १६८४ पर्यंत तेच चालवले. चीनमध्ये ते जेमतेम ७० वर्षे चालले होते. त्यातले वर्ष ३६५.२४४६ दिवसांचे, म्हणजे वर्षाला साडेतीन मिनिटे जास्त. आठ शतकांत ही चूक साठून पंचांगातला अयनदिन प्रत्यक्षाहून दोन दिवस मागे पडला.

गो या पटावरच्या खेळातला व्यावसायिक खेळाडू शिबुकावा शुंकाई याने शौशीचा आग्रह धरला. ग्रहणांची भाकिते ही त्याची कसोटी होती. पण १६७५ मध्ये शौशीने नाकारलेले सूर्यग्रहण प्रत्यक्षात झाले आणि ते जुन्या सेनम्योने सांगितलेले होते. चूक कुठे होती? शौशीचे गणित आजच्या बीजिंगसाठी होते. क्योटो तिथून १९ अंश पूर्वेला, म्हणजे स्थानिक वेळ सव्वा तासाहून थोडी पुढे. शिवाय शौशीने सूर्याची सर्वाधिक गती नेमकी अयनदिनी धरली होती. तेराव्या शतकात ते जवळपास बरोबर होते. पण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याचा दिवस सुमारे ५८ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो, आणि तोवर तो अयनदिनापासून सात दिवस लांब गेला होता. एवढ्याने अमावास्येचा क्षण अर्ध्या तासाने चुकू शकतो. शुंकाईने दोन्ही दुरुस्त्या केल्या. त्याचे ‘जोक्यो’ पंचांग १६८५ पासून लागू झाले, जपानी माणसाने जपानी आकाशासाठी केलेले पहिले. माझ्या मते ते फसलेले ग्रहण त्याच्या यशापेक्षा मोलाचे आहे, कारण सूत्रे नेता येतात, रेखांश नेता येत नाही, हे त्याने शिकवले.

कोरियात हे आधीच उमगले होते. राजा सेजोंगच्या काळात १४४२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘चिलजोंगसान’मध्ये शौशीची पद्धत सोलसाठी बसवली आहे. दरबारी कागदांवर मात्र मिंगचेच पंचांग राहिले.

चीननेही हे शास्त्र एकट्याने रचले नाही. थांग दरबारात भारतीय वंशाचा ज्योतिषी गौतम सिद्ध होता. त्याने ७१८ मध्ये भारतीय ‘नवग्रह’ गणित चिनी भाषेत आणले.

रेखांशाचा प्रश्न विसाव्या शतकातही सुटला नाही. उत्तर व्हिएतनामने बीजिंगहून एक तास मागची वेळ धरली आणि १९६८ चा ‘तेत’, म्हणजे नववर्ष, तिथे २९ जानेवारीला आला, तर दक्षिणेत ३० ला. त्या अमावास्येचा क्षण हनोईच्या घड्याळात रात्री साडेअकराचा होता. १९८५ मध्ये तर व्हिएतनाम आणि चीनच्या नववर्षांत पूर्ण महिन्याचे अंतर पडले, २१ जानेवारी आणि २० फेब्रुवारी. आधीचा अयनक्षण हनोईत २१ डिसेंबरला रात्री ११.२३ ला होता, बीजिंगमध्ये २२ ला मध्यरात्रीनंतर १२.२३ ला, आणि नवा महिना दोन्हीकडे २२ लाच सुरू होत होता. त्यामुळे अयनदिन धारण करणारा अकरावा महिनाच दोघांचा वेगळा ठरला.

पुढची कसोटी २०३३ ची. १६४५ पासून चीनमध्ये सूर्याची खरी गती धरतात, त्यामुळे हिवाळ्यात चोंगछी जवळजवळ येतात आणि आपल्या क्षयमासासारखी (एकाच महिन्यात दोन संक्रांती) स्थिती होते. त्या वर्षी २२ नोव्हेंबरपासूनच्या एकाच महिन्यात दहाव्या आणि अकराव्या महिन्यांचे असे दोन चोंगछी पडतात. चीनमध्ये अयनदिनाची अट श्रेष्ठ मानून अकरावा महिना अधिक ठरतो, जरी त्याने शरदसंपात आठव्याऐवजी नवव्या महिन्यात गेला तरी. जपानच्या शेवटच्या जुन्या पंचांगाला मात्र संपात आणि अयन दोन्ही आपापल्या महिन्यात हवे असतात, आणि ते या वेळी जमत नाही. १८७३ पासून तिथे त्या पंचांगाला सरकारी आधार नाही, त्यामुळे निर्णय द्यायला कोणी अधिकारी उरलेला नाही.